पाहुण्यांचा कॅन

दुधाचा नमुना घेण्याआधी दूध ढवळावे लागते. नोकरीत शिकलेल्या सगळ्या गोष्टींतली एकच शिल्लक ठेवा असे कुणी म्हटले, तर मी ही ठेवीन. कॅनमधले दूध थोडा वेळ उभे राहिले की स्निग्धांश वर येतो. न ढवळता वरचे काढले तर नमुना खऱ्यापेक्षा घट्ट निघतो, तळाचे काढले तर पातळ. म्हणून आमच्याकडे प्लंजर असे. लांब दांडा आणि खाली भोकांची थाळी. तो कॅनमध्ये वरखाली करायचा, मग माप बुडवायचे. काम साधे आहे, आणि कंटाळवाणे आहे. म्हणूनच ते टाळले जाते.

निनाद, मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलेस की शाळेत वादविवाद आहे, भारत वर चालला आहे की खाली. तुझे बाबा म्हणतात खाली, शेजारचे काका म्हणतात वर. मग आजी, तुझे काय? मी विचार करत होते तेवढ्यात तुझी बहीण रूथ मागून ओरडली, "एका वाक्यात सांग गं आजी, त्याला तीनच मिनिटं मिळणारेत!" मला एका वाक्यात सांगता आले नाही. आता आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकाचे संपादक नोकरीच्या आठवणी लिहा म्हणून मागे लागले आहेत, तर ते राहिलेले उत्तर इथेच देते. तुमची आई मोठ्याने वाचून दाखवील. देशाबद्दल मला फारसे कळत नाही. दुधाबद्दल कळते.

मी शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकले, पुण्याला जाऊन रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि परत येऊन एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत लागले. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांतून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा व्हायचे, टँकरने आमच्याकडे यायचे, तापवून थंड करून पिशव्यांत भरून पुण्याला जायचे. दूध स्वीकारायचे की परत पाठवायचे, हे आमची प्रयोगशाळा सांगे. त्यामुळे मला मान होता आणि प्रेमाने बोलणारी माणसे कमी होती.

शेतकऱ्यांशी माझा पहिला वाद अजून आठवतो. एका वाडीवरचे आप्पा, धोतर-टोपीतले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांचे दूध गावातल्या केंद्रावर सारखे नाकारले जाई म्हणून ते किटली घेऊन थेट माझ्याकडे आले.

"आप्पा, दुधात पाणी आहे," मी तपासून म्हटले.

"आता गाय पानी पिती, त्याला मी काय करनार?"

"गाय प्यायलेलं पाणी दुधात असं उतरत नाही."

"मंग पाऊस पडला आसंल किटलीत."

"आप्पा, मे महिना आहे."

"तुमी शिरूरच्या. आमच्याकडं पडतो कवा कवा."

आप्पांनी टोपी काढली, डोके पुसले, परत घातली. "बरं, टाकलं. पर बाई, हिरीचं टाकलंय. कॅनॉलचं न्हाई. गाळून टाकलंय. आमी काय चोर हाय व्हय?"

मी तेव्हा हसले होते. पण आप्पा विनोद करत नव्हते. विहिरीचे, स्वच्छ, गाळलेले पाणी घालणारा माणूस लबाड कसा, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते. मनातल्या मनात ते तालुक्यातले सर्वांत प्रामाणिक दूध उत्पादक होते. असे आप्पा मला पुढे खूप भेटले. त्यांतले काही इस्त्रीच्या कपड्यांत होते.

आमच्या संघाचे चेअरमन वरवंडचे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. उंच, आवाज मोठा, माणूस मनाने स्वच्छ. सभेत ते उभे राहिले की शेवटी हमखास म्हणत, "आपलं दूध म्हंजी अमृत हाय. देशात असलं दूध कुठं न्हाई!" टाळ्या पडत. आबांना हे भाषण म्हणून सुचत नसे, ते त्यांना खरे वाटे. ते खरे वाटण्याचे कारण पाहुण्यांचा कॅन.

तो कॅन म्हणजे काय ते सांगते. संघाला भेट द्यायला नेहमी कुणीतरी येई. कधी अधिकारी, कधी दुसऱ्या राज्यातले शेतकरी, एकदा तर गोरी माणसेही आली. अशा वेळी कवठे येमाईच्या चार घरांतून म्हशीचे आणि चांगल्या गायींचे दूध वेगळ्या कॅनमध्ये येई. कॅन घासूनपुसून लखलखीत. पाहुण्यांसमोर नमुना त्यातलाच तपासायचा, चहा त्याचाच, शेवटी हातात दिला जाणारा पेढाही त्याचाच. प्रयोगशाळेत मीच तो नमुना तपासून दाखवत असे. स्निग्धांशाचा आकडा खोटा नसे. कॅन तेवढा निवडलेला असे.

पाहुणे खूश होऊन वहीत शेरा लिहीत. मग तो आकडा आबांच्या भाषणात जाई, भाषणातून अहवालात, अहवालातून कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावर. काही वर्षांनी संचालकांना विचारले असते की आपले दूध कसे आहे, तर त्यांनी फलकावरचा आकडा सांगितला असता आणि त्यात लबाडी नसती. रोजच्या टँकरचा आकडा माझ्या खोलीत असे. तो विचारायला कुणी येत नसे.

याच भरवशावर आबांनी वरवंडला दह्याचा कारखाना काढायचे ठरवले. एवढे उत्तम दूध आहे, तर पिशव्याच का विकायच्या? गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना दौंडला किंवा पुण्याला न जाता काम मिळेल. यंत्रे आली, मुलींना पांढरे कोट आणि टोप्या मिळाल्या. सोलापूर रस्त्यावरून जाणारी माणसे थांबून बघत. आबांनी त्या कारखान्यावर आपला शब्द पणाला लावला होता. दही चालले नाही तर वरवंडचे केंद्रही बंद करू, असे त्यांनी सभेत सांगून टाकले होते.

आणि दही लागेना.

कधी लागे, कधी पातळ, कधी वर पाणी आणि खाली चिकट गोळा. पुण्याचे दुकानदार कप परत पाठवू लागले. यंत्रवाल्यांना बोलावले, त्यांनी यंत्र तपासले, यंत्र ठीक होते. मला थोडा अंदाज होता. दही म्हणजे दुधात वाढवलेले जिवाणू. गायीच्या कासेला सूज आली, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तशी दगडी झाली, की तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. ते औषध काही दिवस दुधात उतरते. किती दिवस ते औषधाच्या डबीवर लिहिलेले असते आणि तेवढे दिवस ते दूध ओतून द्यायचे असते. ओतले नाही तर औषध आपले काम विरजणातही करते. जिवाणू मरतात, दही लागत नाही. अशा दुधाची चाचणी तेव्हा आमच्याकडे नव्हती. मी संचालकांच्या बैठकीत हे बोलले. एक संचालक म्हणाले, "बाई, इंग्रजी पुस्तकातलं इकडं नका आणू. आपल्या गायांना काय झालंय?"

मग मी पुस्तक बाजूला ठेवले आणि वाट्या आणल्या.

आबांच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत पाहुण्यांच्या कॅनमधले दूध, दुसरीत सायलोमधले, म्हणजे ज्या मोठ्या टाकीत सगळ्या गावांचे दूध एकत्र होते तिथले, टाकीतला ढवळायचा पंखा लावून नीट ढवळून घेतलेले. दोन्हीला एकच विरजण लावून फडके झाकले. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाटीत सुरीने कापावे असे दही होते. दुसरीत दूधच होते, थोडे आंबूस.

"विरजण खराब आसंल," आबा म्हणाले.

"दोन्हीला एकच होतं, आबा."

"तरी बी. तुमचं ते पाकिटातलं विरजण. आमच्या घरचं आनतो. माझ्या आज्जीच्या काळापासनं चालत आलंय."

घरचे विरजण आले. निकाल तोच. आता कार्यालयातली माणसे कामे सोडून वाट्या बघायला येऊ लागली होती. सेक्रेटरी म्हणाले, "आबा, हे बाहेर गेलं तर बरं दिसणार नाही." आबांना राग आला, पण वाट्यांचा नाही, माझा.

"बाई, तुमी सगळ्या गावांचं दूध एका टाकीत घालून सगळ्यांनाच नावं ठेवताय. उद्या माझ्या गोठ्यातलं दूध आनतो. रस्त्याला लागून गोठा हाय, येनारा-जानारा बघतोय. त्याला लावा विरजण. आन् मंग बोला."

त्यांचा मुलगा विकास स्वतः किटली घेऊन आला. आबांच्या देखत मी वाटी भरली, आबांनी स्वतःच्या हाताने विरजण लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी फडके काढले आणि वाटी तिरकी केली. त्यांना वाटले होते दही घट्ट धरून राहील. ते सगळे सरळ टेबलावर आले. टेबलावर काच होती आणि काचेखाली आबांच्या सत्कारांचे फोटो. दूध काचेच्या कडेने आत शिरले. कुणी पुसायला पुढे झाले नाही.

आबांनी विकासला हाक मारली. "इकास, गायांना सुई कवा दिलीया?"

"परवा. दोघींना दगडी झालीया."

"मंग त्यांचं दूध कुठं गेलं?"

विकास गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही. "डेअरीला. दुसरं कुठं? घरी कुठं लागतंय आपल्याला. घरी लक्षुमीचं आसतंय की."

लक्ष्मी म्हणजे त्यांच्या घरची गावरान गाय. घरच्या चहाचे, मुलांचे, देवाच्या नैवेद्याचे दूध तिचे. गोठ्यातल्या मोठ्या संकरित गायींचे दूध सगळे संघाला. ही रीत एकट्या आबांची नव्हती. बहुतेक घरांत एक गाय किंवा एक म्हैस घरासाठी वेगळी असे. म्हणजे ज्याला आबा अमृत म्हणत, ते त्यांनी स्वतः कित्येक वर्षांत चाखलेले नव्हते.

"सगळीच तसं करत्यात आबा," विकास म्हणाला. त्याच्या आवाजात अपराध नव्हता, तो माहिती देत होता.

आबा खुर्चीत बसले. ते ओले फोटो बघत होते. मग मला म्हणाले, "आमची नात पुण्याला हॉस्टेलवर हाय. मीच तिला सांगून ठिवलंय, दुसरी पिशवी घ्यायची न्हाई. आपल्याच संघाची घ्यायची."



त्याच आठवड्यात राज्यातला आदर्श दूध संघ निवडायला समिती यायची होती. तिघे जण आणि एक फोटोवाला. तो मान मिळाला तर दह्याला पुन्हा दुकाने मिळतील, कारखाना वाचेल, असे सगळ्यांना वाटत होते आणि ते चूकही नव्हते. सकाळी शिपायाने पाहुण्यांचा कॅन बाहेर आणून ठेवला. त्याला झेंडूचा हारही घातला होता. समिती प्रयोगशाळेत आली, मी कॅनजवळ उभी राहिले.

आबा दारातून म्हणाले, "तो कॅन माघारी न्या. सायलोचा पंखा लावा."

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "आबा, निदान आजच्या दिवस तरी..."

"आजच्याच दिवस."

पंखा लागला. दूध ढवळेपर्यंत थांबावे लागते. समितीतले साहेब घड्याळ बघत होते. मी नमुना काढला आणि तपासून आकडा मोठ्याने सांगितला. तो फलकावरच्या आकड्याच्या बराच खाली होता. साहेबांनी फलकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

आबाच पुढे झाले. "सायेब, आमचं दूध बरं हाय. लई चांगलं न्हाई, बरं हाय. आन् त्याचं दही सध्या लागत न्हाई."

"तुम्ही चेअरमन असून असं सांगता?"

"मंग कुनी सांगायचं? बाई सांगत हुत्या, तर आमी त्यांना गप बसवत हुतो."

मान अर्थातच दुसऱ्या संघाला गेला. त्यांच्या पाहुण्यांचा कॅन कसा होता ते मला माहीत नाही.

आबांनी नियम केला की सुई दिलेल्या गायीच्या शिंगाला लाल फीत बांधायची आणि फीत असेपर्यंत तिचे दूध ओतून द्यायचे. नियम सोपा होता. विरोध भयंकर झाला. लोकांना दूध ओतून देण्याचे दुःख होतेच, पण फितीचे जास्त होते. एक बाई मला केंद्रावर म्हणाली, "बाई, फीत दिसली की रस्त्यानं जानारा इचारतो, जनावरं आजारी हायती का? आमच्या पोरीचं जमत आलंय. पाव्हनं बघून जातील ना." आजारी गायीची लाज नव्हती, ती दिसण्याची होती. आबांनी पहिली फीत आपल्याच गोठ्यात, रस्त्याकडच्या गायीला बांधली. सोलापूरला जाणाऱ्या बसमधूनसुद्धा दिसे. मग हळूहळू बाकीच्यांनी बांधल्या.

दही लागू लागले. कारखाना चालला. पांढऱ्या कोटांतल्या मुली राहिल्या. ती वर्षे माझ्या नोकरीतली सर्वांत चांगली. सकाळी वाटी उपडी करून बघायची आणि दही वाटीतच राहायचे, याचा आनंद किती असतो हे तुम्हाला सांगून कळणार नाही.

पुढच्या निवडणुकीत आबा पडले. विरोधकांचा प्रचार एका ओळीचा होता, "ज्यानं पाहुण्यांपुढं आपल्याच दुधाला नावं ठेवली!" ज्यांच्या मुली कारखान्यात होत्या त्यांनीही त्यांच्या विरुद्ध मते दिली. नवे चेअरमन तरुण होते, हुशार होते. त्यांनी कमानीवर "अमृत" असे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले, त्यावर दिवेही लावले. पाहुण्यांचा कॅन परत आला. फितींचा नियम कुणी रद्द केला नाही, फक्त विचारणे बंद झाले. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांत दह्याचा कारखाना बंद पडला. आता तिथे कुठल्याशा कंपनीचे गोदाम आहे. संघाचे दूध खासगीवाल्यांकडे गेले. कमान आहे. रंग नवाच दिसतो, दर दिवाळीला कुणीतरी देत असावे.

निनाद, मला बराच काळ वाटे की आम्ही पाहुण्यांना फसवत होतो. नंतर कळले की पाहुणे कधी फसलेच नाहीत. ते चहा घेऊन, पेढा खाऊन आपल्या गावी गेले. तो कॅन खरा मानून कारखाना बांधला तो आम्ही. शेजारचे काका वरच्या दुधाचा नमुना घेतात, तुझे बाबा तळाचा घेतात, आणि दोघे एकमेकांना खोटे ठरवतात. दूध सगळ्याच देशांत नासते. आपल्याकडे ढवळणारा माणूस निवडणूक हरतो, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. खाली चाललो आहोत का, याचे माझे उत्तर त्यातच आहे, आणि ते मला आवडत नाही.

पण दूध ढवळायचे म्हटले तर हेही सांगायला हवे.

दिवाळीनंतर मी आबांना भेटायला वरवंडला गेले. शिरूरहून एसटीने चौफुल्यापर्यंत आणि पुढे वडापच्या जीपने. या वयात असे जाऊ नये असे तुमच्या आईचे मत आहे, ते तिने इथे वाचताना गाळू नये. आबा आता नव्वदीकडे आले आहेत. ऐकू कमी येते, आवाज तेवढाच मोठा. गोठा रिकामा झाला आहे. लक्ष्मी केव्हाच गेली, तिच्या जागी दुसरी आणली नाही. दोनच गायी, त्यातली एक भाकड. विकासचे केस पांढरे झाले आहेत.

त्याच्या बायकोने चांगले कप काढून चहा आणला. कोरा चहा, गवती चहाची पात घातलेला. ती संकोचाने कप पुढे करत म्हणाली, "बाई, राग मानू नका. दुकानातनं पिशवी आनत हुते, तर आबा नगं म्हनले."

"पिशवीतलं कुनी ढवळलंय?" आबा खाटेवरून ओरडले.

मी विचारले, "गाय दूध देत नाही का?"

"देती की, किटलीभर देती," विकास म्हणाला. "पर परवा सुई दिलीया. उद्या सांजंपत्तूर न्हाई चालायचं."

मी दाराबाहेर पाहिले. रस्त्याकडेला गाय उभी होती, शिंगाला लाल फीत. आता कुठला संघ विचारत नाही, कुठला नियम नाही. घरातले पोर त्या दिवशी कोराच चहा पिऊन कामाला गेले होते, आणि पाहुणी आली म्हणून तिच्यासाठी वेगळे काही आणलेले नव्हते.

रूथ, तुला एक वाक्य हवे होते, ते घे. दौंड तालुक्यात, सात पिढ्या दुधावर जगलेल्या घरात, मला कोरा चहा मिळाला. तीन मिनिटांतल्या उरलेल्या वेळात निनादने ते समजावून सांगावे.